गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे : 'पिशवी काढून टाका' या सल्ल्याआधी आपण काय समजून घ्यायचे?

वर्षावासात आपल्या विहारांमध्ये ग्रंथवाचन असते. वाचन संपले, वंदना झाली, की पुरुष मंडळी बाहेर अंगणात बोलत उभी राहतात आणि महिला आत थोडा वेळ बसतात. कोलाड परिसरातल्या अशाच एका संध्याकाळी एका ताईंनी पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून आमच्यापुढे धरला. वय बेचाळीस. पावसाळ्यात भातलावणी, एरवी मिळेल ते काम. दीड वर्षापासून पाळीत अंगावरून खूप जायचे. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ दिसली होती. "पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल," असे त्यांना सांगण्यात आले होते. घरात दागिना गहाण टाकायची बोलणी सुरू झाली होती.

त्या खोलीत बसलेल्या महिलांपैकी चौघींनी लगेच सांगितले, "माझी पण काढली." का काढली, असे विचारल्यावर उत्तर जवळपास एकच होते : गाठ होती, कॅन्सरची भीती होती. त्यातल्या एकीकडेही काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट नव्हता.

आम्ही डॉक्टर नाही. पण हा विषय फक्त महिलांनी आपसात कुजबुजण्याचा राहू नये, असे आम्हाला वाटते. कार्यकर्त्यांनी, विशेषतः तरुण मुलामुलींनी, तो नीट समजून घ्यायला हवा. कारण यात एका बाईचे शरीर आहे, घराची अनेक महिन्यांची कमाई आहे आणि तिचा निर्णय कोण घेतो हा प्रश्नही आहे.

फायब्रॉइड म्हणजे काय?

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. या स्नायूंच्या पेशी एखाद्या ठिकाणी जास्त वाढतात आणि त्यांची घट्ट, गोलसर गाठ तयार होते. तिला फायब्रॉइड म्हणतात. रिपोर्टवर कधी 'मायोमा' किंवा 'लिओमायोमा' असेही लिहिलेले असते. गाठ एक असते किंवा अनेक, वाटाण्याएवढी असते किंवा नारळाएवढीही होते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते. म्हणून पाळी सुरू असलेल्या वयात ती वाढते आणि पाळी कायमची गेली की बहुतेक वेळा आक्रसते.

या गाठी अतिशय सर्रास आढळतात. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या महिलांपैकी सुमारे 70 टक्के आणि कृष्णवर्णीय महिलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड होते, असे दिसले. त्यातल्या अनेकींना ते ठाऊकही नव्हते. म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात गाठ दिसली, एवढ्यावरून ती बाई आजारी ठरत नाही.

त्रास होणार की नाही, हे गाठ कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीकडे वाढणारी गाठ लहान असली तरी खूप रक्तस्राव करू शकते. बाहेरच्या बाजूला वाढणारी गाठ मोठी होऊनही पाळीत फरक पडत नाही. मात्र ती लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर दाब देते, मग वारंवार लघवीला जावे लागते किंवा पोट साफ होत नाही. भिंतीतल्या गाठीमुळे पाळी जड होऊ शकते, ओटीपोट व कंबर दुखू शकते. काही जणींना गर्भ राहण्यात किंवा टिकण्यात अडचण येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते रक्त कमी होण्याकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के महिला रक्तक्षयी आहेत. त्यात दर महिन्याला जास्त रक्त जात असेल, तर धाप लागणे, चक्कर येणे, पायाला सूज येणे हे ओघाने आलेच. 'बाईच्या जातीला हे चालायचंच' म्हणून ती चिखलात उभी राहून लावणी करत राहते. फायब्रॉइडचा रोजचा खरा धोका हा रक्तक्षय आहे.

या गाठीचा कॅन्सर होतो का?

सरळ उत्तर : जवळजवळ कधीच नाही. फायब्रॉइड ही साधी गाठ आहे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. गर्भाशयाच्या स्नायूंचा कॅन्सर असतो, त्याला लिओमायोसार्कोमा म्हणतात. पण तो साध्या फायब्रॉइडचा पुढचा टप्पा नाही. आजवरच्या अभ्यासांनुसार तो बहुतेक वेळा स्वतंत्रपणे, वेगळ्या जनुकीय बिघाडातून तयार होतो. अडचण एवढीच की सोनोग्राफीत तो कधी कधी फायब्रॉइडसारखाच दिसतो.

मग फायब्रॉइड समजून ऑपरेशन केले आणि आत कॅन्सर निघाला, असे किती वेळा होते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 साली अंदाज दिला की फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 350 महिलांमागे एकीत असा लपलेला सार्कोमा सापडतो. नंतरच्या काही आढाव्यांत हे प्रमाण याहून बरेच कमी निघाले. हा हिशेब ऑपरेशनपर्यंत पोचलेल्या महिलांचा आहे. गाठ असलेल्या सगळ्या महिला धरल्या, तर शक्यता आणखी कमी होते. वय वाढते तशी, विशेषतः पाळी गेल्यानंतर, ती थोडी वाढते.

'गाठ भराभर वाढतेय म्हणजे कॅन्सरच' हाही जुना समज. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भराभर वाढणाऱ्या गाठीमुळे ऑपरेशन झालेल्या 371 महिलांपैकी फक्त एकीत सार्कोमा सापडला. पाळी चालू असताना गाठ वाढणे हे तपासणीचे कारण आहे, घाबरून जाण्याचे नाही. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नये.

धोका दुर्मीळ आहे म्हणून तो नाहीच, असेही आम्ही म्हणणार नाही. बोस्टनच्या भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांच्या गर्भाशयातील गाठी 2013 साली दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत यंत्राने आतल्या आत बारीक तुकडे करून काढल्या गेल्या. त्यात लपलेला सार्कोमा होता. अशा तुकडे करण्याने कॅन्सर पोटात पसरू शकतो. डॉ. रीड आणि त्यांच्या पतींनी या यंत्राविरुद्ध आवाज उठवला, त्यानंतर त्याच्या वापरावर कडक इशारे आले. 2017 साली डॉ. रीड यांचे निधन झाले. आपण त्यातून एवढे घ्यायचे : दुर्बिणीने ऑपरेशन ठरले असेल, तर गाठ कशी बाहेर काढणार आणि आधी कॅन्सरची शंका तपासली का, हे विचारायचे.

मग कॅन्सर कुठे असतो?

गावात 'पिशवीचा कॅन्सर' हा एकच शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात हे वेगवेगळे आजार आहेत, आणि त्यांच्या तपासण्याही वेगळ्या आहेत.

पहिला, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. भारतीय महिलांमध्ये तो सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. त्याचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू. फायब्रॉइडशी त्याचा संबंध नाही. तो सोनोग्राफीत लवकर कळत नाही. त्यासाठी पॅप स्मिअर, एचपीव्ही चाचणी किंवा ॲसिटिक ॲसिड लावून केलेली साधी पाहणी लागते. मुलींसाठी लसही आहे.

दुसरा, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. तो बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतर होतो. लठ्ठपणा व मधुमेह असेल तर शक्यता वाढते. त्याची खूण लवकर दिसते : पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे. अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासला की निदान होते.

तिसरा, वर सांगितलेला स्नायूंचा सार्कोमा, अतिशय दुर्मीळ.

म्हणून या खुणा प्रत्येक घरात माहीत हव्यात :

- पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला.
- संबंधानंतर रक्त गेले.
- दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाऊ लागले, किंवा पंचेचाळिशीनंतर पाळीचे तंत्र एकाएकी बिघडले.
- अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाऊ लागले.
- पाळी गेल्यावर गाठ वाढली, पोट फुगत चालले, कारण नसताना वजन उतरले.

यातले काहीही असेल तर झाडपाला, अंगारा, 'बघू पुढच्या महिन्यात' यात दिवस घालवू नयेत. यातली प्रत्येक खूण म्हणजे कॅन्सर नव्हे. पण प्रत्येक खुणेची तपासणी झालीच पाहिजे. ज्या बाईला साधी गाठ आहे ती कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढून बसते, आणि जिला पाळी गेल्यावर रक्त दिसते ती लाजेने गप्प राहते. ही उलटी रीत आपल्याला बदलायची आहे.

भीतीची किंमत कोण मोजते?

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा महिलांमागे एक. त्यात अगदी तरुण महिलाही होत्या. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि खाडा झाला की मुकादम दंड लावतो. अशा कामात पाळी हीच अडचण ठरते. त्यावर पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली, तर ती कर्ज काढून ऑपरेशनला तयार होते. या बातम्यांनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले.

हे फक्त बीडचे नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी 2013 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 5 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. बळी पडलेल्या महिलांत अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय महिला मोठ्या संख्येने होत्या, हे त्या प्रकरणात पुढे आले. आपल्या रायगड जिल्ह्याच्या समितीचे काम कसे चालते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरेसा आहे.

ज्यांचे शब्द ऐकून घेतले जात नाहीत, त्यांच्या शरीराचा निर्णय दुसरेच घेतात, हे जगभर घडले आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात शेतमजुरी करणाऱ्या फॅनी लू हेमर 1961 साली गर्भाशयातली गाठ काढण्यासाठी रुग्णालयात गेल्या. गोऱ्या डॉक्टरने त्यांना न विचारता पूर्ण गर्भाशयच काढले. पुढे त्याच हेमर कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काच्या लढ्यातल्या खंद्या नेत्या झाल्या आणि आपल्यावर झालेला हा अन्याय त्यांनी जाहीरपणे सांगितला. आपल्याकडे किती जणींनी सांगितला?

काढणे हा एकच उपाय नाही

त्रास नसेल तर फायब्रॉइडला बहुतेक वेळा उपचारच लागत नाहीत. ठरावीक काळाने तपासणी करून लक्ष ठेवणे पुरते. बेचाळिसाव्या वर्षी त्रास कमी असेल, तर पाळी जाईपर्यंत सांभाळून नेणे हाही वैद्यकीय निर्णयच आहे.

रक्तस्राव जास्त असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासायचे आणि लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनने ते भरून काढायचे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. कॉपर-टीसारखे गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे, ते काही वर्षे काम करते. मात्र गाठीने पोकळीचा आकार बिघडवला असेल तर ते बसेलच असे नाही. काही इंजेक्शने गाठ तात्पुरती लहान करतात. नुसती गाठ काढून गर्भाशय ठेवता येते, याला मायोमेक्टॉमी म्हणतात. मूल हवे असलेल्या महिलांसाठी ते महत्त्वाचे. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आहे. कुठला उपाय कुणाला, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

आणि हो, काही जणींसाठी गर्भाशय काढणे हाच योग्य उपाय असतो. गाठी खूप मोठ्या आहेत, बाकी उपाय करून झाले, रक्त सतत कमी होते, मूल नको आहे आणि तिने स्वतः विचार करून ठरवले आहे, तर त्या ऑपरेशनने तिला खरोखर आराम मिळतो. तिला कुणी दोष देऊ नये. आमचा विरोध ऑपरेशनला नाही, खोट्या भीतीने करवलेल्या ऑपरेशनला आहे.

कारण हे ऑपरेशन दात काढण्याइतके सोपे नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. कमी वयात असे झाले तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी काही जणींत ते लवकर थकतात. ज्या बाईचे पोट अंगमेहनतीवर आहे, तिच्यासाठी ठिसूळ हाडे म्हणजे रोजगार जाणे.

सही करण्याआधी

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी स्पष्ट केले की तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. त्या प्रकरणात रुग्ण बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले होते. सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली ती संमती ग्राह्य नाही, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा नवऱ्याची किंवा मुलाची सही पुरेशी आहे, असे कुणी समजू नये. सही तिची, तीही समजून केलेली.

ताईंबरोबर जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या :

1. गाठी किती, कुठे, केवढ्या? मला होणारा त्रास त्यांच्यामुळेच आहे का?
2. माझे हिमोग्लोबिन किती?
3. कॅन्सरची शंका असेल तर कशावरून? ती तपासायला कोणती चाचणी केली?
4. ऑपरेशनशिवाय कोणते उपाय आहेत? सहा महिने थांबले तर काय होईल?
5. फक्त गाठ काढता येईल का? अंडाशय काढणार का, आणि का?
6. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवणार ना? त्याचा रिपोर्ट मला कधी मिळेल?
7. खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते?

शेवटचा प्रश्न योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रालाही विचारता येतो. रिपोर्टच्या प्रती मागणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. तातडीचा रक्तस्राव नसेल तर साध्या गाठीसाठी आठवडा-पंधरा दिवस थांबून दुसरे मत घेतल्याने काही बिघडत नाही. कोलाडहून रोह्याचे सरकारी रुग्णालय जवळ आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. कॅन्सरची खरी शंका असेल तर परळचे टाटा रुग्णालय आहे, आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र आपल्याच महामार्गाच्या वाटेवर आहे.

आपण काय करू शकतो?

कुणी म्हणेल, हे डॉक्टरांचे काम, कार्यकर्ते काय करणार? मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख महिलांवर एक मोठा अभ्यास केला. त्यात तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या महिला होत्या. त्यांनी ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची पाहणी केली. त्यातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष 2013 साली जगापुढे आले. आपल्या प्रत्येक गावात दहावी झालेल्या मुली आहेत.

आम्ही सुचवतो ते साधे आहे. महिन्यातून एकदा विहारात महिला मंडळाची आरोग्य बैठक घ्यावी आणि आशाताईंना बोलवावे. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून हिमोग्लोबिन आणि तिशीपुढील महिलांच्या गर्भाशयमुख तपासणीचा दिवस ठरवावा. ज्या तरुणांना इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो, त्यांनी तो वाचून दाखवावा, निदान मात्र करू नये. रुग्णालयात एकटी बाई जाऊ नये, सोबत कुणीतरी असावे. आणि पुरुषांनी या विषयावर हसणे बंद करावे.

28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार महिलांच्या प्रसूती रजेच्या बाजूने बोलले, तेव्हा बाईच्या शरीराचा प्रश्न त्यांनी सार्वजनिक केला होता. आपण तो पुन्हा माजघरात ढकलू नये. आणि भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश आपण दरवर्षी वाचतो. कुणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा त्याचा गाभा आहे. तो दवाखान्याच्या दारात चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायचा नसतो.

त्या ताईंचे काय झाले? त्यांनी दागिना गहाण टाकला नाही. सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतले. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघाले, म्हणून आधी त्याचे उपचार सुरू झाले. अस्तराची तपासणी झाली, त्यात कॅन्सर नव्हता. आता गोळ्यांनी पाळी आटोक्यात आहे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली आहे. पुढे कदाचित ऑपरेशन लागेलही. पण तेव्हा त्या स्वतःचा कागद स्वतः समजून सही करतील.

जय भीम! नमो बुद्धाय!